आरे-वारेच्या चढावर धरणारी कंबर: एका सायकलच्या फिटिंगचं प्रकरण

फिटिंग म्हणजे सायकलची सीट, हँडल वगैरे चालवणाऱ्याच्या शरीराला जुळवून लावणं. हे प्रकरण रत्नागिरीतल्या एका शिक्षकांचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, दुखण्याचे आणि सायकलचे तपशील तसेच ठेवले आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सायकल चालवणारे रुग्ण अलीकडे वाढले आहेत आणि त्यांतले बरेच जण कंबर घेऊन येतात, म्हणून हे सविस्तर मांडावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

सरांचं वय 44, उंची 168 सेंटिमीटर, वजन 74 किलो. शाळा खाडीपलीकडच्या गावात, त्यामुळे रोज मोटरसायकलवरून जाणं-येणं, तेही खड्ड्यांतून. संध्याकाळी वह्या तपासायला जमिनीवर मांडी घालून, पुढे वाकून बसायची सवय. दोन वर्षं ते हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची, ताठ बसून चालवायची सायकल चालवत होते. शहरातून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या दिशेने जायचं आणि परत यायचं, एवढाच त्यांचा रविवार. कंबरेची तक्रार तेव्हा कधीच नव्हती.

पावसाळ्यात चार महिने सायकल घरात उभी राहिली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडून जुनी रोड बाईक, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, पुढे वाकून चालवायची सायकल घेतली. फ्रेमचं माप 56. जानेवारीतली 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, डोक्यात होती. तिला साडेतेरा तासांची मुदत असते. ग्रुपमधले बाकीचे तयारीला लागले होते, सरही लागले. आठवड्याला साठेक किलोमीटर चालवणारा माणूस महिन्याभरात दीडशेच्या पुढे गेला.

दुखणं कसं होतं

नोव्हेंबरच्या शेवटी ते माझ्याकडे आले तेव्हा हातात एमआरआयची पिशवी होती. नात्यातल्या कुणीतरी सुचवलं म्हणून काढून घेतला होता. रिपोर्टमध्ये एल 4-एल 5 ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मधली, गादी किंचित फुगल्याचा उल्लेख. "मॅडम, गादी सरकलीय. सायकल विकून टाकू का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

आधी दुखण्याची चौकशी केली. कंबरेच्या पट्ट्याच्या रेषेत आडवं दुखायचं, उजवीकडे जास्त. गणपतीपुळ्याच्या किनारी रस्त्यावर साखरतरच्या पुलापर्यंत काहीच नाही. कासारवेली मागे पडून आरे-वारेचे चढ सुरू झाले की धरायला लागायचं. गणपतीपुळ्याला पोचेपर्यंत, म्हणजे पंचविसेक किलोमीटरवर, खाली उतरून दोन मिनिटं मागे वाकल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. उतरून चालायला लागले की पाच-दहा मिनिटांत बरंचसं कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालताना कंबर आखडलेली.

पायात मुंग्या, पावलात कमजोरी, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, कारण नसताना वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यांतलं काही आहे का, हे मी बारकाईने विचारलं. पायांची ताकद, संवेदना आणि रिफ्लेक्स तपासले. सगळं ठीक होतं. यांतलं एक जरी असतं तर सायकलला हात न लावता त्यांना थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.

एमआरआयबद्दल त्यांच्याशी बराच वेळ बोलावं लागलं. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कुठलंही दुखणं नसलेल्या 3110 लोकांच्या मणक्याच्या चित्रणांचा विचार केला होता. चाळीस वर्षं वयाच्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांतही जवळजवळ निम्म्यांची गादी फुगलेली आढळते, असं त्यात दिसलं. सरांचं दुखणं सायकलवर ठरावीक ठिकाणी सुरू होत होतं आणि उतरलं की जात होतं. त्याचं उत्तर चित्रणापेक्षा सायकलवरच्या बसण्यात शोधणं मला जास्त योग्य वाटलं.

सायकलवर काय दिसलं

सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारता येईल अशा स्टँडवर, लावली. सरांच्या कंबरेवर आणि माकडहाडाच्या वर रंगीत स्टिकर लावले आणि बाजूने व मागून मोबाइलवर चित्रण केलं. बसल्या बसल्या पाच मिनिटांत निष्कर्ष काढण्यात अर्थ नसतो. थकल्यावर माणूस बसायची पद्धत बदलतो, म्हणून त्यांना वीस मिनिटं जड गिअरवर चालवायला लावलं आणि शेवटची पाच मिनिटं पाहिली.

मागून पाहताना ओटीपोटाचं हाड, म्हणजे पेल्व्हिस, प्रत्येक पेडलला डाव्या-उजव्या बाजूला झुकत होतं, उजवीकडे अधिक. पाय खाली पोचवण्यासाठी सर टाच वर उचलून बोटं ताणत होते. बाजूने पाहताना पेल्व्हिस मागे कललेलं आणि कंबरेचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला गोल झालेला. कोपर ताठ, खांदे कानांजवळ.

मग मापं घेतली. पायाची आतली लांबी 79 सेंटिमीटर. ग्रेग लेमाँड या तूर द फ्रान्स विजेत्यामुळे प्रसिद्ध झालेलं एक जुनं सूत्र आहे: ही लांबी गुणिले 0.883, म्हणजे क्रँकच्या (पेडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या अक्षाच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर. सरांच्या बाबतीत ते 69.8 येतं. त्यांची सीट 73 वर होती. सूत्र म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. दीड-एक सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. पण तीन सेंटिमीटरहून जास्त फरक आणि त्यात झुलणारं पेल्व्हिस, दोन्ही एकत्र दिसल्यावर शंका उरत नाही. पेडल सर्वांत खाली असताना गुडघ्याचा कोन (पाय सरळ म्हणजे शून्य धरून) 25 ते 35 अंशांत असावा अशी रूढ मर्यादा आहे. त्यांचा 20 च्याही खाली होता. सीटचं नाक चार अंश वर होतं. स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा आडवा तुकडा, 110 मिलिमीटरचा, खालच्या बाजूला कललेला. गिअरच्या चक्रांना पुढे 50 आणि 34 दाते, मागे 11 ते 28. टायर 23 मिलिमीटरचे, हवा दगडासारखी. पाठीवर सॅक: पाणी, ट्यूब, हत्यारं, रेनकोट.

यातली प्रत्येक गोष्ट अशी का आहे, हे मी सरांना एकेक करून विचारलं. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो, कारण उत्तरांतून एक साखळी उलगडत गेली.

सायकल घेतली तेव्हा सीट 71 वर होती. चढावर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं, म्हणून ग्रुपमधल्या एका अनुभवी दादांनी ती वर करायला सांगितली. सीट खाली असल्याने गुडघा दुखतो हे खरंच आहे, म्हणून सल्ला तसा चुकीचा नव्हता. फक्त इथे गुडघा दुखायचं कारण सीट नव्हती, गिअर होता. 34-28 (पुढे 34 दाते, मागे 28) हा त्यांचा सर्वांत हलका गिअर. आरे-वारेच्या तीव्र चढावर ताशी सात किलोमीटरने जाताना मिनिटाला जेमतेम 46 वेळा पेडल फिरायचं, म्हणजे प्रत्येक फेरीला गुडघ्यावर आणि कंबरेवर मोठा जोर. सीट वर गेल्यावर गुडघा थोडा निवला, पण पाय पोचेना, पेल्व्हिस झुलायला लागलं. सीट वर गेली म्हणजे हँडल त्या मानाने खाली गेलं आणि लांबही गेलं. फ्रेम आधीच निदान एक माप मोठी. मग सर सीटवरून पुढे घसरायला लागले, तळहात बधिर व्हायला लागले. घसरू नये म्हणून त्यांनी स्वतः सीटचं नाक वर केलं. नाक वर आलं तसं पुढे कलायला जागा राहिली नाही. पेल्व्हिस मागे ढकललं गेलं.

पुढे वाकताना खुब्याचा सांधा बिजागरीसारखं काम करतो. पुढे वाकायचं ते तिथून. बिजागरी अडकली तर हँडलपर्यंत पोचण्यासाठी वाकायचं काम कंबरेच्या खालच्या मणक्यांवर येतं, आणि तासभर त्याच वाकलेल्या स्थितीत जोर लावत राहिलं की तिथले स्नायू आणि अस्थिबंध तक्रार करणारच.

समोरचे पर्याय

पट्टा, गोळ्या आणि तीन आठवडे विश्रांती हा पहिला पर्याय, आणि घरच्यांचा आग्रह त्याचाच होता. दुखणं कमी नक्की झालं असतं. सायकलवर परत बसल्यावर तेच सुरू झालं असतं. रोड बाईक विकून हायब्रिडवर परतणं हा दुसरा. मी तो मुळीच कमी लेखत नाही. ज्यांना पंधरा-वीस किलोमीटरचा व्यायाम हवा आहे त्यांच्यासाठी ते सरळ आणि शहाणपणाचं उत्तर आहे. सरांना लांब अंतर हवं होतं. तिसरा पर्याय पुण्या-मुंबईला जाऊन व्यावसायिक फिटिंग करून घेण्याचा. तिथे उपकरणं चांगली असतात, पण एका दिवसात सगळं बदलून मिळतं आणि नंतर काही बिनसलं तर पुन्हा एवढा प्रवास. आम्ही चौथा मार्ग धरला: इथेच, एका वेळी एक बदल, सोबत व्यायाम, आणि अंतर सध्या निम्मं.

यातलं शेवटचं कलम सरांना पटवणं अवघड गेलं. बीआरएमला दीड महिना होता. त्यांचं म्हणणं, सगळे बदल या रविवारीच करून टाकू. मी नाही म्हटलं. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि गुडघा दुखायला लागला, तर कोणती मागे घ्यायची हे कळणार कसं? जानेवारीची नोंदणी करायची नाही, हे त्यांनी दोन दिवस विचार करून स्वतःच ठरवलं. या प्रकरणातला हा सर्वांत कठीण निर्णय त्यांचा आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं.

काय केलं, कोणत्या क्रमाने

सॅक पाठीवरून उतरवून सामान फ्रेमच्या आणि सीटखालच्या पिशव्यांत घातलं. याला खर्च थोडा आणि तोटा काहीच नाही, म्हणून ते क्रमाबाहेर, पहिल्याच दिवशी.

त्यानंतर सीटची उंची. सुरुवात तिथून केली, कारण ती एक गोष्ट बाकी सगळ्यांना हलवते. सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची फ्रेमची नळी, तिरकी असते; सीट तीन सेंटिमीटर खाली आली की ती जवळपास एक सेंटिमीटर पुढेही येते, आणि हँडल तिच्या मानाने जवळपास तीन सेंटिमीटर वर येतं. म्हणजे स्टेमला हात न लावता हातांचं अंतर आणि उतार दोन्ही कमी होतात.

पण सीट खाली येईना. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, फ्रेममध्ये गंजून बसला होता. "सर, हा असा निघायचा नाय," सायकलवाल्या दादांनी सांगितलं. तेल सोडून दोन दिवस ठेवल्यावर, हळूहळू पिळत तो सुटला. साफ करून ग्रीस लावून परत बसवला. आपल्याकडे दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर सीटपोस्ट काढून ग्रीस लावायला हवं. नाहीतर फिटिंग बदलायची वेळ येते तेव्हा बदलताच येत नाही. (फ्रेम किंवा पोस्ट कार्बनचा असेल तर ग्रीस नको, त्यासाठीची वेगळी पेस्ट मिळते.)

73 वरून आधी 71.5, आठवड्याने 70.3. प्रत्येक वेळी पोस्टवर टेपची खूण आणि तारीख. पहिल्या फेरीनंतर सरांची तक्रार आली की पायात जोरच लागत नाही. हे अपेक्षित होतं. स्नायूंना नव्या लांबीची सवय व्हायला वेळ लागतो. चित्रणात मात्र पेल्व्हिस स्थिर झालं होतं, गुडघ्याचा कोन 30 च्या आसपास आला होता, आणि दुखण्यातला उजवीकडचा कल नाहीसा झाला होता. झुलणं थांबल्यावर एका बाजूचं दुखणं थांबलं, यावरून कारण बरोबर सापडल्याची माझी खात्री पटली.

तिसऱ्या आठवड्यात सीटचं नाक. इस्रायली डॉक्टरांनी 1999 साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये हौशी सायकलस्वारांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. सीट 10 ते 15 अंश पुढे कलवल्यावर 70 टक्क्यांहून अधिक जणांची कंबर सुधारली. अभ्यास लहान होता, आणि इतका कल दिला तर माणूस पुढे घसरून सगळं वजन हातांवर घेतो. सरांचे तळहात आधीच बधिर होत होते. म्हणून आम्ही नाक आधी सपाट केलं आणि मग फक्त दोन अंश खाली.

शेवटी स्टेम. आधीच्या मालकाने फोर्कची नळी, म्हणजे स्टेम जिच्यावर बसतो ती, कापून टाकली होती, त्यामुळे खाली स्पेसर (कड्या) घालून हँडल वर करायची सोय नव्हती. 110 चा काढून 90 चा स्टेम उलटा, म्हणजे वर कललेला, बसवला. हँडल सुमारे दीड सेंटिमीटर वर आणि अडीच सेंटिमीटर जवळ आलं. याहून आखूड स्टेम घेतला असता तर उतारावर हँडल चंचल वाटलं असतं; आरेकडे उतरताना ते कुणालाच नको.

गिअरसाठी मागे 11-32 ची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच. गिअर बदलणारा डिरेलर लांब दांडीचा (लॉन्ग केज) असल्यामुळे ती चालली, साखळी मात्र थोडी लांब घ्यावी लागली. त्याच चढावर, त्याच वेगाला आता 46 ऐवजी 52 फेऱ्या. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण गुडघ्याची तक्रार इथे संपली. फ्रेममध्ये 28 चे टायर बसत होते, ते घालून हवा कमी केली.

या सगळ्याबरोबर रोज पंधरा मिनिटांचा व्यायाम: हात आणि गुडघ्यांवर राहून विरुद्ध बाजूंचे हात-पाय लांब करणं, कुशीवरचा प्लँक, पुलासारखं कंबर उचलणं, आणि काठी पाठीला लावून फक्त खुब्यातून वाकायचा सराव. काठीचा सराव सरांना सुरुवातीला जमतच नव्हता. खुब्यातून वाकणं शरीराला ठाऊकच नव्हतं, आणि ते ठाऊक नसताना सायकल कितीही बरोबर लावली तरी कंबर गोलच होते. वह्या आता टेबलावर तपासायच्या, हेही ठरलं.

जानेवारीत दुखणं परतलं

डिसेंबरअखेर सर गणपतीपुळ्याला जाऊन-येऊन करत होते, दुखणं दहापैकी सहावरून दोनवर आलं होतं. जानेवारीच्या मध्यावर त्यांचा फोन आला: पुन्हा पहिल्यासारखं धरलंय.

इथे दोन वाटा होत्या. शरीराचं काही बिघडलं असं समजून व्यायाम थांबवायचे, पुन्हा तपासण्या करायच्या. किंवा आधी सायकल मोजायची. मोजायला पाच मिनिटं लागतात, म्हणून ते आधी. सीटची उंची खुणेवर होती. नाक मात्र पाच अंश वर गेलं होतं. जुन्या सीटपोस्टवर सीट धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे दाते झिजलेले होते. खड्ड्यात आदळलं की सीट मागच्या बाजूला थोडीथोडी फिरत होती. बोल्ट घट्ट केला तरी दाते धरत नव्हते. दोन बोल्टवाला 27.2 मिलिमीटरचा पोस्ट मागवला. तो येईपर्यंत सरांनी सायकल चालवली नाही, व्यायाम चालू ठेवले. नवा पोस्ट लावल्यावर पुढच्याच लांब फेरीला दुखणं पुन्हा दोनवर.

हा अनुभव मला फार मोलाचा वाटतो. बाकी काही न बदलता फक्त सीटचा कल फिरला आणि दुखणं आलं. कल सरळ केला, गेलं. ठरवून एवढा स्वच्छ प्रयोग करणं कठीण होतं.

आज काय स्थिती आहे

फेब्रुवारीच्या शेवटी सर रत्नागिरीहून जयगडपर्यंत जाऊन आले, साधारण 90 किलोमीटर. कंबरेसाठी थांबावं लागलं नाही. शेवटच्या तासात जडपणा येतो, घरी आल्यावर जातो. शाळेच्या परीक्षांच्या दिवसांत, वह्यांचे ढीग असताना, कंबर अजूनही कुरकुरते. तिचा सायकलशी संबंध नाही.

यात फिटिंगचा वाटा किती, व्यायामाचा किती आणि अंतर निम्मं केल्याचा किती, हे एका माणसावरून वेगळं काढता येत नाही. 2010 साली 109 व्यावसायिक सायकलपटूंच्या एका अभ्यासात 58 टक्के जणांना आधीच्या वर्षभरात कंबरदुखी झाली होती. त्यांची फिटिंग तर तज्ज्ञ करतात. तरी दुखतं, कारण अंतर प्रचंड असतं. सरांचं अंतर ऑक्टोबरमध्ये महिन्याभरात अडीचपट झालं होतं. ते तसंच चालू राहिलं असतं तर नुसत्या सीट-स्टेमने भागलं असतं असं मला वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

गुडघा दुखला तेव्हा आधी कॅसेट बदलली असती तर सीट वर गेलीच नसती, आणि पुढची साखळी सुरू झाली नसती. कोकणात खाडीवरून सड्यावर चढणारे रस्ते आखूड पण तीव्र असतात. शहरातल्या सपाट रस्त्यांसाठी विकलेले गिअर इथे पहिल्या दिवसापासून जड पडतात, तेव्हा सायकल घेतानाच मागे 32 किंवा 34 दात्यांची कॅसेट चालेल का हे विचारून घ्यावं.

पहिल्या भेटीतच सीटपोस्टचा क्लॅम्प उघडून दाते पाहण्याची पद्धत मी आता ठेवली आहे. जुन्या सायकलीचं माप घेण्याआधी ती ते माप धरून ठेवू शकते का, हे बघणं आवश्यक आहे.

आणि फ्रेम. 90 चा उलटा स्टेम ही तडजोड आहे. सर आता 52 किंवा 54 मापाची फ्रेम शोधत आहेत. विकणाऱ्याला ते फ्रेमवर छापलेल्या आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारतात: क्रँकच्या मध्यापासून फ्रेमच्या पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर किती, उभी उंची किती, आणि फोर्कची नळी कापली आहे का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोटो मागवल्याशिवाय धरायचं नाही, असंही त्यांनी ठरवलं आहे.